शेगडीचा सुटा भाग मागवताना : वस्तू नेमकी, नंबर खरा, पैसे शेवटी

गॅसच्या शेगडीचा एखादा बर्नर नीट पेटेनासा होतो, नॉब घट्ट बसतो किंवा ऑटो इग्निशनची ठिणगी पडत नाही. भाग छोटा असतो आणि किंमत बहुधा शे-दोनशेची. पण स्वयंपाक अडलेला असल्यामुळे आपण घाईने मोबाईलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो फिरवतो. फसवणूक करणाऱ्यांना हीच घाई हवी असते. दोनशे रुपयांच्या भागापायी बचत खात्यातली हजारो रुपयांची शिल्लक जाऊ शकते.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुरुग्राम येथे राहणाऱ्या आपल्या खातेदारांनी योग्य भाग कसा शोधावा, कुठून घ्यावा आणि पैसे कसे द्यावेत, हे या लेखात क्रमाने पाहू.

१. भाग खरोखरच लागणार आहे का?

ज्योत निळी आणि स्थिर असेल तर शेगडी ठीक आहे. ज्योत पिवळी दिसत असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बरेचदा बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने किंवा तेलाने बुजलेली असतात. गॅस बंद करून, बर्नर थंड झाल्यावर, टोपी काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, ब्रशने घासा, पूर्ण वाळवून पुन्हा बसवा. ठिणगी पडत नसेल तर आधी शेगडीखालचा सेल बदलून पाहा. पुष्कळदा काम एवढ्यावर भागते.

नॉबखालचा कॉक, जेट आणि आतील नळी मात्र घरी उघडू नका. ते काम अधिकृत मेकॅनिकचे आहे.

२. शेगडी एलपीजीची की पीएनजीची?

दिल्ली परिसरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दिल्ली, नोएडा आणि गाझियाबादमध्ये इंद्रप्रस्थ गॅस (आयजीएल), तर फरीदाबादमध्ये अदानी यांचा पाइपचा गॅस अनेक घरांत आला आहे. बाकीच्या घरांत सिलिंडर आहे. भाड्याचे घर बदलले की कुटुंब तीच शेगडी घेऊन एका गॅसवरून दुसऱ्या गॅसवर जाते.

दोन्ही गॅसचा दाब वेगळा आणि उष्णताही वेगळी असते. म्हणून जेटचे छिद्र वेगळे लागते : एलपीजीसाठी बारीक, पीएनजीसाठी मोठे. एलपीजीचा जेट पीएनजीवर लावला तर ज्योत अगदी मंद राहते. पीएनजीचा जेट एलपीजीवर लावला तर ज्योत भडकते, पिवळी होते आणि धोकादायक ठरते. जेट मागवताना आपल्या घरी कोणता गॅस आहे हे आधी सांगा. गॅस बदलल्यावर जेट बदलून घेतल्याशिवाय शेगडी वापरू नका.

३. कोणता भाग कुठून घ्यावा?

रेग्युलेटर : हा बाजारातून घ्यायचाच नाही. एलपीजीचा रेग्युलेटर जोडणीबरोबर अनामत घेऊन वितरक देतो. तो बिघडला तर गॅसचे पुस्तक किंवा जोडणीची पावती घेऊन वितरकाकडेच जा. पाइपच्या गॅसचे मीटर आणि रेग्युलेटर गॅस कंपनीचे असतात. त्यांना स्थानिक मेकॅनिकने हात लावू नये.

रबरी नळी : आयएसआय चिन्ह असलेली, शक्यतो वितरकाकडूनच घेतलेली ‘सुरक्षा’ नळी वापरा. ती दर पाच वर्षांनी बदलावी. तडा दिसला तर त्याआधीच. तेल कंपन्या आपल्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरवतात आणि त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अपघात झालाच, तर प्रमाणित नसलेल्या नळीमुळे भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. म्हणून नळीचे बिल गॅसच्या पुस्तकात ठेवा.

बर्नर, नॉब, जाळी, ताटली : हे भाग कंपनीच्या सेवा केंद्रात, मोठ्या भांड्यांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. सदर बाजारालगतचा डिप्टी गंज हा दिल्लीतला भांड्यांचा जुना बाजार आहे. तिथे ‘शेगडी’ म्हटले तर कळेलच असे नाही. ‘चूल्हे का बर्नर’ म्हणा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जुना भाग पिशवीत घालून सोबत न्या. बर्नर लहान, मध्यम, मोठा असे निरनिराळ्या मापांचे असतात आणि एका कंपनीचा दुसरीला बसेलच असे नाही.

ऑनलाइन मागवताना चार गोष्टी जुळवून पाहा : शेगडीखालच्या पट्टीवर लिहिलेला मॉडेल क्रमांक, भागाचे माप, गॅसचा प्रकार आणि माल परत घेण्याची अट. मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवलात तर ऐन वेळी शोधावा लागणार नाही.

४. फोन नंबर कुठून घ्यावा?

कंपनीचा नंबर शेगडीच्या वॉरंटी कार्डावर, खोक्यावर किंवा खरेदीच्या बिलावर असतो. गॅस वितरकाचा नंबर गॅसच्या पुस्तकावर आणि पीएनजीचा नंबर बिलावर छापलेला असतो. कागद हरवला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथून नंबर घ्या.

इंटरनेटच्या शोधात वर दिसणारा नंबर खरा असेलच असे नाही. तिथे पैसे देऊन जाहिरात लावता येते आणि नकाशावर भलत्याच माणसाचा नंबर कंपनीच्या नावाने टाकता येतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या जागृती पुस्तिकेत अशा शोधातून होणाऱ्या फसवणुकीचा स्वतंत्र प्रकार म्हणून उल्लेख आहे.

५. फसवणूक कशी होते?

समोरचा माणूस अदबीने बोलतो. भाग शिल्लक आहे, मेकॅनिक आजच येईल, असे सांगतो. मग पुढीलपैकी एक गोष्ट घडते :

• ‘नोंदणीसाठी फक्त ५ रुपये भरा’ म्हणून तो लिंक पाठवतो. त्या पानावर कार्डाचा क्रमांक, पिन किंवा ओटीपी मागितला जातो. पाच रुपये हे निमित्त असते. हवी असते ती आपली माहिती.

• ‘फॉर्म भरायला मदत करतो’ म्हणून स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावतो. त्यानंतर आपल्या मोबाईलवरचे सगळे त्याला दिसते, आलेला ओटीपीसुद्धा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केले होते.

• ‘भाग संपला, पैसे परत करतो’ म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगतो. पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात.

• ‘बिल थकले आहे, आज रात्री गॅस बंद होईल’ असा संदेश येतो आणि सोबत एपीके नावाची फाइल असते. दिल्लीत आयजीएलच्या आणि पुण्यात एमएनजीएलच्या नावाने असे खोटे संदेश फिरतात. ती फाइल उघडू नका.

यातून एक नियम पक्का करा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

६. पैसे देताना

सुटा भाग हातात आल्यावर किंवा मेकॅनिकने बसवून ज्योत दाखवल्यावर पैसे द्या. घरपोच मिळणाऱ्या मालासाठी शक्य असेल तर ‘माल मिळाल्यावर पैसे’ हा पर्याय निवडा. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर येणारे नाव दुकानाचेच आहे का ते वाचा. अशा व्यवहारांसाठी थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते ठेवणे आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घेणे, हे दोन्ही उपाय फुकट आहेत.

बिल मागाच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत न घेणे हीसुद्धा त्यातच येते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंत मूल्याच्या वस्तूबद्दलच्या तक्रारीला शुल्क नाही.

७. पैसे गेलेच तर

लाज वाटून गप्प बसू नका. गेलेला पैसा ठगाच्या एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो. तो रोख निघण्याआधी अडवता आला तरच परत मिळण्याची शक्यता असते. म्हणून या क्रमाने चाला :

१) ताबडतोब १९३० वर फोन करा. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पुढच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखता येते.

२) आपल्या बँकेला कळवा, कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३) सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार द्या. संदेश, नंबर आणि व्यवहार क्रमांक पुसू नका.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात खातेदाराची जबाबदारी ठरवून दिली आहे. चूक बँकेची नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर नुकसान खातेदारावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत येते. पण खातेदाराने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात आपलाच फायदा आहे.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

८. दुरुस्ती की नवी शेगडी?

हिशेब साधा आहे. समजा, नवी शेगडी ३,००० रुपयांची आहे. दोन बर्नर आणि मजुरी मिळून ६०० रुपये होत असतील तर दुरुस्ती करा. कॉक, बर्नर आणि काच असे सगळे मिळून १,८०० रुपये होत असतील आणि शेगडी दहा वर्षे जुनी असेल, तर नवी घेणे बरे. नवी घेताना आयएसआय चिन्ह पाहा आणि त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. शेगडी जितकी कार्यक्षम, तितका सिलिंडर जास्त दिवस पुरतो. म्हणून तारांकन असलेली मिळाल्यास ती घ्या.

अनेक बँकांत महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. वर्षाला १,२०० रुपये आणि त्यावरचे व्याज एवढा दुरुस्तीनिधी हाताशी असला, तर शेगडी, मिक्सर, नळ यांसाठी घरखर्चाला कात्री लागत नाही. पैसा हाताशी असला की घाईही होत नाही.

कापून गॅसच्या पुस्तकात ठेवा

• गॅसची गळती (एलपीजी) : १९०६
• आर्थिक सायबर फसवणूक : १९३०
• ग्राहक तक्रार : १९१५
• माझ्या शेगडीचा मॉडेल क्रमांक : ____________
• गॅस : एलपीजी / पीएनजी
• नळी बदलल्याची तारीख : ____________
• गॅस वितरकाचा नंबर (पुस्तकावरून) : ____________
• माझ्या बँकेचा नंबर (पासबुकावरून) : ____________