जमीन खचत नाहीं, पण विहीर आटते

शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून घोड, भीमा, मुळा-मुठा अशा नद्या वाहतात. तरी सह्याद्रीनें पाऊस अडविल्यामुळें हा मुलूख मूळचा अवर्षणाचाच. त्यांत उसाची तहान! आड आटला कीं विहीर खोल करावयाची, विहीर आटली कीं बोअर घ्यावयाची, आणि तीही आटली कीं शेजारीं आणखी खोल दुसरी घ्यावयाची, असा येथील बागाइताचा इतिहास आहे. इतकें पाणी उपसल्यावर वरची जमीन खचत कशी नाहीं, ही शंका चौकस वाचकांस येणें साहजिक आहे.

जमीन खचते, मात्र सर्वत्र नव्हे. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यांतील जोसेफ पोलंड या भूशास्त्रज्ञाचें १९७७ सालचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारच्या खांबावर, त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर, १९२५ सालची पाटी दिसते; तेव्हां जमीन तेथें होती! बावन्न वर्षांत ती सुमारें ९ मीटर खालीं गेली. डोली दोन भोयांनीं उचलावी, तसा वरच्या थरांचा भार चिकणमातीचे कण आणि त्यांमधलें पाणी मिळून पेलतात. पाणी निघून गेलें कीं सारा भार कणांवर येतो आणि ते दाटून बसतात. कार्ल तेरझागी यांनीं १९२५ सालीं हा विचार गणितांत बसविला.

आज तेंच गणित संगणक करतो. जमिनीचे हजारों लहान ठोकळे कल्पून तो प्रत्येकास जाडी, पाझर आणि दबण्याचा गुण देतो, आणि पाऊस व उपसा यांवरून दिवसागणिक हिशेब मांडतो. पाण्याची पातळी १० मीटर उतरली, तर दर चौरस मीटरवर सुमारें १० टनांचा भार वाढतो. त्यानें १० मीटर जाडीची मऊ चिकणमाती पंचवीस-तीस सेंटिमीटर दबूं शकते. तोच भार १०० मीटर जाडीच्या घट्ट काळ्या पाषाणावर घातला, तर उत्तर जेमतेम एक मिलिमीटर येतें!

शिरूर-दौंडखालीं आहे तो हाच, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हा थिजून झालेला पाषाण. नदीकांठच्या गाळाचें गणित निराळें मांडावें लागेल. उन्हाळ्यांत रानांत पडणाऱ्या भेगा मात्र काळ्या माती आकसल्याच्या. उपशाशीं त्यांचा संबंध नाहीं. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'निसार' उपग्रह जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपण्यासाठींच आहे. पण दौंडच्या रानांत त्यास मातीचें फुगणें-आकसणेंच अधिक दिसेल, असा आमचा कयास आहे.

खरी मेख येथेंच आहे. भिंती तडकल्या असत्या, रूळ वांकले असते, तर लोक जागे झाले असते. पाषाण कांहींच कळूं देत नाहीं. शिवाय त्याची सांठवण तुटपुंजी: १०० घनफूट झिजलेल्या, सच्छिद्र पाषाणांतून सुमारें २ घनफूट पाणी हातीं लागतें. म्हणून थोड्या उपशानेंही पातळी झपाट्यानें उतरते. वांटणीनंतर दोघे भाऊ बांधाच्या दोन्ही बाजूंस बोअर घेतात. पाणी मात्र बहुधा एकाच भेगेंतलें असतें. तेव्हां जमीन किती खचेल याऐवजीं, एका बोअरचा उपसा दुसरीस किती ओढतो आणि पाणी किती महिने पुरेल, हें संगणकास विचारावें. त्यासाठीं विहिरींच्या पातळीचे नियमित आंकडे हवेत. ते नसतील तर संगणकही काय करणार?

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानें ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें तर शेतीसाठीं बोअर घेण्यासच बंदी केली. तेथें दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि त्या सालीं कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरवितात.