कॅलिपरची पिन जाम झाली तर

बहुतेक मोटारींच्या ब्रेक कॅलिपरला पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. बाहेरचा पॅड डिस्कवर दाबला जातो, तो सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो म्हणून. पिनेचा रबरी बूट फाटून आत पाणी गेलं की ती गंजते आणि अडकते. खूण सोपी: आतला पॅड संपत आलेला, बाहेरचा जवळपास नवा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर घडतं.

जाम पिन सरळ ओढू नये. गंज सोडवणारं तेल मारून थांबावं, मग पाना लावून ती पुढे-मागे फिरवावी. फिरायला लागली की निम्मं काम झालं! नाहीच हलली, तर ब्रॅकेट गाडीवरून उतरवून, रबर काढून, तेल अन् क्लीनर पूर्ण पुसून तापवावं. तापवायचं ते ब्रॅकेट, पिन नव्हे. भोक प्रसरण पावलं की पकड सुटते. काही ब्रेक क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतात, म्हणून पुसण्यात हयगय नको.

खड्डे पडलेली पिन घासून परत बसवण्याची काटकसर मला पटत नाही. नवी पिन, नवा बूट घ्यावा आणि सिलिकॉनच्या ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्यावा. साध्या ग्रीसमधल्या खनिज तेलाने रबर फुगतं. काही गाड्यांत वरची-खालची पिन वेगळी असते. काढतानाच खूण करावी.