एका देवघराचे दोन कुळाचार

मार्गशीर्ष लागला की आपल्या घराघरांतून गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडला जातो, कहाणी वाचली जाते. बहुधा याच दिवसांत, १२ डिसेंबरला, सातासमुद्रापलीकडे मेक्सिको देशाचे लोकही आपल्या जगन्मातेचा उत्सव करतात. तिला ते ग्वादालुपेची माता म्हणतात. १५३१ साली तेपेयाक नावाच्या टेकडीवर हुआन दिएगो या गरीब आदिवासी भाविकाला तिने दर्शन दिले, ऐन हिवाळ्यात गुलाब फुलविले आणि त्याच्या अंगावरील जाड्याभरड्या वस्त्रावर आपले रूप उमटविले, अशी त्यांची श्रद्धा आहे. ते वस्त्र आजही मेक्सिको शहरातील मंदिरात दर्शनास असते. या मातेला न्यूयॉर्कमध्ये मोठे घर कसे मिळाले, ती हकीकत सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागात पश्चिमेकडील चौदाव्या रस्त्यावर संत बर्नार्ड यांच्या नावाचे एक दगडी चर्च आहे. पॅट्रिक कीली या नामांकित स्थापत्यकाराने आराखडा केलेली ही वास्तू १८७३ ते १८७५ या काळात उभी राहिली. जवळच हडसन नदीचे धक्के. तेथे माल चढविणारे-उतरविणारे आयरिश मजूर हेच तिचे यजमान. दुष्काळाने देशोधडीला लागून अमेरिकेत आलेल्या या लोकांना तेथील प्रॉटेस्टंट समाज फारसा जवळ करीत नसे. अशा माणसांनी आपल्या वस्तीत एवढे मंदिर उभारावे, यात भक्तीइतकाच स्वाभिमानही होता.

त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर स्पॅनिश लोकांची वस्ती वाढली. त्यांच्यासाठी १९०२ साली एका राहत्या घरातच ग्वादालुपेच्या मातेचे छोटे देवालय स्थापन झाले. मॅनहटनमधील स्पॅनिश भाषिकांचा हा पहिला धर्मग्राम. (वसईकडील ख्रिस्ती बांधव पॅरिशला हाच सुंदर शब्द योजतात.) मौज अशी की, नाव मेक्सिकोच्या मातेचे, पण त्या काळी वस्तीत मेक्सिकन जवळजवळ नव्हतेच. स्पेनचे खलाशी आणि कामकरी तेथे येत. पुढे प्वेर्तो रिकोचे लोक आले, आणि १९८० नंतर प्वेब्ला प्रांतातून मेक्सिकन कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली. माता जणू आधीच येऊन लेकरांची वाट पाहत बसली होती! आता मात्र ते घर पुरेना. उत्सवाच्या दिवशी भाविकांची रांग रस्त्यावर जाई.

इकडे संत बर्नार्डच्या चर्चमध्ये नेमके उलटे घडत होते. मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागली, बंदराचा व्यवसाय पलीकडच्या न्यू जर्सीत गेला, धक्के ओस पडले. मजुरांची मुले शिकली, सवरली आणि उपनगरांत राहावयास गेली. एका ठिकाणी भक्त आहेत पण जागा नाही, दुसऱ्या ठिकाणी जागा आहे पण भक्त विरळ. अखेर २००३ साली दोन्ही धर्मग्राम एक करण्यात आले आणि ग्वादालुपेची माता आपल्या लेकरांसह त्या प्रशस्त वास्तूत आली.

हे सर्व सुखाने झाले असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या आजा-पणजांचे विवाह आणि अंत्यविधी त्या वेदीपुढे झाले, त्यांनी आपल्या देवघरात परक्या भाषेतील प्रार्थना ऐकताना काय सोसले असेल? घर वारसाला देतानाही हात जड होतो. येथे तर वारस दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या देशाचा. म्हणूनच या वास्तूला जे नवे नाव मिळाले, ते आम्हांस विशेष वाटते. ‘संत बर्नार्ड येथील ग्वादालुपेची माता’ असे ते जोडनाव आहे. जुन्या संताचे नाव पुसले गेले नाही. माता त्याच्या घरी राहावयास आली, एवढेच ते नाव सांगते.

तेपेयाकच्या टेकडीवर मात्र इतके सौजन्य घडले नव्हते. स्पॅनिश विजेते येण्यापूर्वी तेथे तोनांत्सिन या मातृदेवतेचे स्थान होते, असे साहागुन या सोळाव्या शतकातील धर्मगुरूनेच लिहून ठेवले आहे. जिंकून घेतलेले देवस्थान आणि सोपविलेले देवस्थान यांत केवढे अंतर आहे, हे आपल्या देशात निराळे सांगावयास नको.

आणि दोन्ही झाले नाही तर काय होते, याचे उदाहरण तेथून जवळच आहे. विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील एका जुन्या चर्चमध्ये १९८३ साली ‘लाइमलाइट’ नावाचा नाचगाण्याचा क्लब उघडला, आणि पुढे तेथे दुकाने थाटली गेली. ते चर्च एपिस्कोपल पंथाचे होते. कॅथलिक धर्मनियम सोडून दिलेली वास्तू लौकिक कामास देण्याची मुभा देतो, पण ते काम हीन नसावे असे बजावतो. त्यापेक्षा तेथे प्रार्थनाच चालू राहावी, हे कोणत्याही धर्माच्या भाविकास पटेल.

आपल्या गणरायाचाही या शहरातील इतिहास थोडा असाच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या हिंदू टेंपल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका या संस्थेने फ्लशिंगमध्ये बाऊन स्ट्रीटवर जी जागा घेतली, तेथे पूर्वी रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे चर्च होते. त्या जागी देवालय बांधून ४ जुलै १९७७ रोजी श्रीमहावल्लभ गणपतीची प्रतिष्ठापना झाली. तेथे कुणी कुणाचे काही हिरावले नव्हते.

मेक्सिकन भाविकांची एक वारीही आहे. २००२ सालापासून मेक्सिको शहरातील मातेच्या मंदिरात मशाल पेटवून ती धावत धावत, हातोहात, सुमारे तीन हजार मैलांवरील न्यूयॉर्कला आणण्याची प्रथा सुरू झाली. सीमेने दुभंगलेल्या लोकांचे आपण निरोप्ये आहोत, असे हे धावक म्हणतात. मशाल १२ डिसेंबरला सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये पोहोचते. चौदाव्या रस्त्यावर तर आदल्या रात्रीपासूनच कडाक्याच्या थंडीत माणसे गुलाबांच्या जुड्या घेऊन रांगेत उभी असतात. मग मध्यरात्री वाद्ये वाजू लागतात आणि आयरिश गोदी कामगारांच्या त्या जुन्या चर्चमध्ये मातेला जागविणारी स्पॅनिश भूपाळी सुरू होते.