जुनी कॅराव्हॅन घेताय? मग आधी तिच्या पाण्याच्या टाकीत टॉर्च मारून बघा!

गंगापूर धरणाच्या काठावर उभी कॅराव्हॅन, बाहेर दोन खुर्च्या, हातात चहा. असले रील्स हल्ली सारखे दिसतात. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर या फिरत्या घरांची चर्चा आणखी वाढली. त्यात नाशिकजवळ द्राक्षमळे आहेत, त्र्यंबकेश्वर आहे आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. नवी कॅराव्हॅन परवडत नाही म्हणून बरेच जण जुनी गाडी किंवा गाडीमागे ओढायचा जुना ट्रेलर शोधतात.

गाडी घेताना आपण काय बघतो? इंजिन, टायर, गाद्या, एसी. पण त्याच गाडीतल्या पाण्याने पोरं दात घासणार असतात, भाज्या धुतल्या जाणार असतात. आणि ती टाकी कदाचित दोन-तीन वर्षं कोणी उघडलेलीही नसते.

चांगली गोष्ट ही, की बऱ्याचदा ही यंत्रणा घरच्या घरी पुन्हा सुरू करता येते. फक्त कामांचा क्रम चुकवायचा नाही.

बंद टाकीत नेमकं होतं काय?

महानगरपालिकेच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो. पण पाणी साठून राहिलं की हा क्लोरीन काही दिवसांत संपतो.

एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा 40 अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीतलं पाणी कोमट होतं आणि जंतूंना हेच हवं असतं. टाकीच्या आणि पाइपांच्या आतून बुळबुळीत थर धरतो. नवं पाणी कितीही स्वच्छ भरलं, तरी या थरातून जंतू त्यात उतरत राहतात. म्हणून नुसतं जुनं पाणी सोडून नवं भरल्याने काम होत नाही.

धोका फक्त पोट बिघडण्याचा नाही. लिजिओनेला नावाचा जिवाणू अशाच कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून थेट फुफ्फुसात जातो. 1976 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला आलेल्या लोकांना त्यामुळे गंभीर न्यूमोनिया झाला आणि त्यानंतर हा जिवाणू ओळखला गेला. म्हणजे 'आम्ही ते पाणी पीत नाही, फक्त अंघोळीला वापरतो' हे उत्तर पुरेसं नाही.

पहिलं काम : टाकी ठेवायची की बदलायची?

सगळं पाणी सोडून द्या. गिझर थंड करून तोही रिकामा करा. मग टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा.

तळाला गाळ किंवा हिरवट थर असेल तर तो साफ होतो. पण टाकीला चीर असेल, डिझेलचा किंवा केमिकलचा वास येत असेल, किंवा आधी तिच्यात काय भरलं होतं हेच कोणाला माहीत नसेल, तर टाकी बदला. प्लास्टिकमध्ये मुरलेलं केमिकल क्लोरीनने निघत नाही. नवी टाकी घेताना ती पिण्याच्या पाण्यासाठीचीच आहे ना, हे विचारून घ्या.

टाकीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक बारीक नळी असते. तिच्या तोंडाची जाळी फाटलेली असेल तर आत मुंग्या, झुरळं, पाली जातात. जाळी काही रुपयांत मिळते, पण बघायची राहून जाते.

दुसरं काम : पंप आणि गळती

कॅराव्हॅनमध्ये बहुतेक वेळा 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप असतो. नळ उघडला की तो सुरू होतो, बंद केला की थांबतो. त्याच्या वागण्यावरून बराच अंदाज येतो.

- पंप फिरतोय पण पाणी येत नाही : टाकी आणि पंपाच्या मधे कुठेतरी हवा ओढली जातेय. पंपाआधीच्या जाळीच्या भांड्याचं रबर आणि पाइपचे क्लॅम्प तपासा.
- सगळे नळ बंद असूनही पंप दर काही मिनिटांनी गुरगुरतो : कुठेतरी गळती आहे. सिंकखाली आणि गिझरच्या मागे कोरडा टिश्यू फिरवून बघा.
- पंप थांबतच नाही : मोठी गळती, रिकामी टाकी किंवा पंपाचा प्रेशर स्विच बिघडलेला.

कडक झालेले, आतून काळे पडलेले नरम पाइप धुण्यापेक्षा बदललेले बरे. परदेशातून आलेला जुना ट्रेलर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात पॉलिब्युटिलीनचे राखाडी पाइप सर्रास वापरले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते हळूहळू ठिसूळ होतात आणि फुटतात. तसे पाइप दिसले तर आधी ते काढा.

तिसरं काम : पांढरे थर

गाडी बोअरच्या पाण्यावर चालली असेल तर नळाच्या तोंडाशी, शॉवरला आणि गिझरमध्ये क्षार साठलेले असतात. त्यांच्या सांदीत जंतू लपतात, म्हणून हे क्लोरीनच्या आधी काढायचे. नळाच्या जाळ्या आणि शॉवर सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवा. मग सगळं साध्या पाण्याने भरपूर धुवा.

इथे एक इशारा : लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर क्लोरीनमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि गाडीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

चौथं काम : क्लोरीनचा डोस

गावाकडच्या वाचकांना टीसीएल पावडर माहीत असेलच. ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते तीच ही ब्लीचिंग पावडर. रोजच्या पाण्यासाठी डोस अगदी कमी असतो. इथे मात्र यंत्रणा निर्जंतुक करायची असल्याने लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो.

100 लिटरच्या टाकीसाठी हिशोब असा :

- 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट द्रावण : 100 मिली
- 25 टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर : 20 ग्रॅम

पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं वापरा. पावडर जुनी किंवा दमट असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, म्हणून ताजं पाकीट घ्या. सुगंधी ब्लीच नको. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज आणि आरओ आधी बाजूला काढा. कार्बन फिल्टर क्लोरीन खाऊन टाकतो आणि आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो.

आता टाकी पूर्ण भरा आणि प्रत्येक नळ, गरम-थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा. शॉवर विसरू नका. मग सगळं बंद करून किमान चार तास, जमलं तर रात्रभर तसंच ठेवा.

पाचवं काम : धुणं आणि तपासणी

हे पाणी ड्रेनेजमध्येच सोडा. गोदावरीत, नाल्यात किंवा द्राक्षाच्या वेलींना नको. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा टाकी भरून, सगळे नळ चालवून रिकामी करा. क्लोरीनचा उग्र वास गेला की फिल्टर परत बसवा.

आणि पाणी दिसायला स्वच्छ म्हणजे ते सुरक्षित, असं धरून चालू नका. हायड्रोजन सल्फाइडची तपासणी बाटली मिळते. तिच्यात नळाचं पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर पाण्यात मैलाजन्य जिवाणू असण्याची दाट शक्यता आहे. मग पुन्हा क्लोरीनपासून सुरुवात. पक्कं उत्तर हवं असेल तर प्रयोगशाळेतून जिवाणू तपासणी करून घ्या. तोवर प्यायला वेगळा जार ठेवा.

प्रवास संपल्यावर?

टाकी, पाइप आणि गिझर रिकामे करून, नळ उघडे ठेवूनच गाडी उभी करा. रिकामी टाकी प्रवासातही फायद्याची असते. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, ते कसारा घाटात ओढण्यापेक्षा मुक्कामाच्या जवळ भरलेलं बरं.

हे फक्त हौशी कॅराव्हॅनवाल्यांपुरतं नाही. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंड्यांसोबत पाण्याचे टँकर असतात. सिंहस्थातही टँकर लागणारच. महिनोन्‌महिने उभा राहिलेला टँकर असो की कॅराव्हॅन, नियम तोच : आधी रिकामं करा, घासा, क्लोरीन द्या, वेळ द्या, धुवा, तपासा. आणि मगच पहिला ग्लास भरा.