कलप, केस आणि तलावाचे पाणी

नेरळ-कळंब रस्त्यावरच्या पोशीरच्या परिसरात, किंबहुना साऱ्या कर्जत तालुक्यात, आता ठिकठिकाणी फार्महाऊस आणि रिसॉर्ट झाली आहेत. त्यांतील अनेकांत पोहण्याचे तलाव आहेत. अशा तलावांत वारंवार पोहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : केसांना लावलेला काळा कलप लवकर तांबूस पडतो. पोशीर नदीत डुंबणाऱ्यांकडून ती ऐकू येत नाही. मग तलावाच्या पाण्यात वेगळे काय असते?

त्याचे उत्तर गावच्या विहिरीपाशीच मिळते. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर म्हणजे विरंजक चूर्ण. रंग घालवणारे, हे त्याच्या नावातच आहे. तलावात हीच किंवा हिच्या जातीची द्रव्ये वापरतात. त्यांपासून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जंतूंमधील रेणूंचे ऑक्सिडीकरण करून त्यांना मारते. पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन दर लिटरला सुमारे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम राखतात, तर तलावात साधारण १ ते ३ मिलिग्रॅम.

आता केसाकडे पाहू. केसाच्या बाहेरच्या थरावर छपरावरील कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले असतात. आतल्या गाभ्यात केराटिन हे प्रथिन आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. टिकाऊ कलपात पॅराफेनिलीन डायअमाइनसारखी लहान रेणूंची द्रव्ये असतात. अमोनियामुळे केस फुगतो, कौले उचलली जातात आणि हे रेणू आत शिरतात. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून मोठे, रंगीत रेणू बनतात आणि आतच अडकून राहतात. म्हणजे कलपाचा रंग ऑक्सिडीकरणाने घडतो, आणि हायपोक्लोरस आम्लाकडून पुन्हा ऑक्सिडीकरण झाले की मोडतो! कलप लावलेल्या केसाची कौले आधीच सैल झालेली असल्याने पाणी आत सहज जाते. शिवाय पेरॉक्साइडने मूळ मेलॅनिनही थोडे फिके केलेले असते. वरचा गडद रंग ओसरला की तो तांबूसपणा उघडा पडतो. एका दिवसाच्या पोहण्याने फारसे बिघडत नाही. रोजच्या पोहण्याने फरक दिसू लागतो.

क्लोरीनमुळे केस हिरवे होतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. हिरवा रंग येतो तांब्यामुळे. शेवाळ मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकतात किंवा पाणी तांब्याच्या नळांतून येते, तेव्हा तांब्याचे आयन केसांना चिकटतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. काळ्या केसांवर हा रंग दिसत नाही. पांढऱ्या किंवा रंग उडवलेल्या केसांवर दिसतो.

मग केसांसाठी तलावातले क्लोरीन कमी करावे का? मुळीच नाही. २०२४ साली केरळमध्ये नेग्लेरिया या अमिबाच्या संसर्गाने मुले दगावली. गोड्या, कोमट पाण्यात वाढणारा हा जीव नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. पुरेसे क्लोरीन त्याला मारते. तलावाला येणारा उग्र वासही क्लोरीन जास्त झाल्याची खूण नव्हे. घाम आणि मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात, त्यांचा तो वास असतो. तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करणे हाच त्यावरचा उपाय.

केस जपण्याचे उपायही सोपे आहेत. उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवावेत. आधीच पाणी प्यालेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. टोपी घालावी आणि बाहेर येताच केस धुवावेत.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. केशकर्तनालयातून कलप लावलेल्या केसांच्या तीन बटा आणा. एक साध्या पाण्यात, दुसरी टीसीएलच्या निवळीत, आणि तिसरी निवळीत हायपोचे स्फटिक विरघळवून त्यात ठेवा. हायपो क्लोरीनला निष्प्रभ करतो. निवळी शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत तयार करावी आणि तिच्याजवळ कोणतेही आम्ल आणू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही निवळी तलावाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ तीव्र असते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. तिन्ही बटांचा रंग रोज नोंदवा. तिसरी बट दुसरीसारखी दिसते की पहिलीसारखी, आणि का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.