मुलींना रिस्क नकोच असते?

"मुलींना रिस्क नकोच असते रे, म्हणून त्या धंद्यात पडत नाहीत." ऑफिसात चहाच्या वेळी हे वाक्य हमखास ऐकू येतं. काही वर्षांपूर्वी मीही म्हणालो होतो, तेही माझ्या ताईबद्दल.

आधी एक प्रयोग सांगतो. उरी ग्नीझी, केनेथ लिओनार्ड आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. खेळ अगदी सोपा. तीन मीटरवरच्या बादलीत टेनिस बॉल टाकायचा, दहा वेळा. पैसे कसे घ्यायचे ते मात्र तुम्हीच आधी ठरवायचं. एकतर पडलेल्या प्रत्येक बॉलमागे ठरलेली रक्कम. नाहीतर अनोळखी खेळाडूशी स्पर्धा: जिंकलात तर प्रत्येक बॉलमागे तिप्पट, हरलात तर काहीच नाही.

टांझानियातल्या मसाई समाजात पुरुषांचा शब्द शेवटचा. तिथे ५० टक्के पुरुषांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी फक्त २६ टक्के. झालं, चहाच्या टपरीवरचं वाक्य खरं ठरलं! पण तोच खेळ मेघालयात, खासी समाजात घेतला तर बायका ५४ टक्के आणि पुरुष ३९. खासींमध्ये वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर सहसा धाकट्या मुलीकडे जातं.

आता बादलीत बॉल टाकणं म्हणजे धंदा नव्हे, आणि दोन समाजांवरून अख्खं जग ठरवायचं नाही, मान्य. पण हा फरक जन्मजात असता, तर तो असा उलटा व्हायला नको होता ना?

मला त्यातलं घर अडकलं. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. आणि तरी आपल्याकडे हक्कसोडपत्र नावाचा कागद असतो. बाबा गेल्यावर ताईनं त्यावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, फक्त सगळे नातेवाईक "भावाशी नातं टिकतं गं" म्हणत होते. मी गप्प होतो. घर माझ्या एकट्याच्या नावावर झालं. दोन वर्षांनी तेच घर तारण ठेवून मी लोन काढलं, नोकरी सोडली आणि कंपनी काढली. ती बुडाली असती तरी माझा पगार कुठेतरी परत सुरू झाला असता, हेही मला ठाऊक होतं.

ताई तेव्हा घरी एका मशीनवर ब्लाउज शिवायची. तिला बाजारात गाळा घ्यायचा होता. घेतला नाही. आणि मी मित्रांना सांगितलं, तिला तेवढी हौसच नाही.

परवा तिला विचारलं, तेव्हा का थांबलीस? ती हसली. "थांबले कुठे? बँकेत गेले होते. साहेब म्हणाले, तारण काय आहे? मी म्हटलं, शिलाई मशीन."

तिला पुढच्या भागात बोलवायचंय. ती म्हणते, लग्नसराई संपू दे, मग बघू.