शिधा बंद केला तेव्हा

मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या चिवावा राज्यात, अगदी वायव्य टोकाला हानोस नावाचं गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्पॅनिश लष्कराचं ठाणं होतं. या ठाण्यावर दर आठवड्याला त्या मुलखातल्या अपाची आदिवासींची कुटुंबं येत आणि शिधा घेऊन जात. शिध्यात मका, मीठ, गुळाची ढेप, तंबाखू आणि गुरं हाताशी असली तर मांस असे. ठाण्याचा कारकून कुटुंबप्रमुखाचं नाव, बायकामुलांची संख्या आणि दिलेला जिन्नस वहीत टिपून ठेवी. हानोसच्या दप्तरातले असे कितीतरी कागद आज टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहेत.

माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबतपासणीत गेली. त्यामुळे इतिहास वाचताना लढायांपेक्षा माझी नजर आधी खर्चाच्या रकान्यांकडे जाते. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतरची तीस वर्षं चिवावात जो रक्तपात झाला, त्याची बरीचशी उकल मला या शिध्याच्या हिशेबात सापडते. सीमेवरची शांतता हा दरसाल करावा लागणारा खर्च होता. नव्या राज्यकर्त्यांनी तो वाचवायला काढला आणि त्याच्या कित्येक पटींनी किंमत मोजली.

आधी ही पद्धत आली कुठून ते पाहू. अपाचींशी स्पेनचं पिढ्यानपिढ्या युद्ध चाललं होतं. पहाडांत विखुरलेल्या, घोड्यावरून वाऱ्यासारख्या येणाऱ्या टोळ्यांशी लढणं सैन्याला परवडेना. १७८६ मध्ये व्हाइसरॉय बेर्नार्दो दे गाल्वेसनं नवा हुकूम काढला. जो लढेल त्याच्याशी निकरानं लढायचं आणि जो तह मागेल त्याला ठाण्याजवळ वसवून धान्य, भेटवस्तू, दारू, बंदुका द्यायच्या. बंदुकाही मुद्दाम कच्च्या, म्हणजे दुरुस्तीसाठी आणि दारूगोळ्यासाठी अपाची स्पॅनिश लोकांवरच अवलंबून राहतील. गाल्वेसच्या मनात दया नव्हती. अपाचींना मिंधं करून ठेवण्याचा तो हिशेब होता आणि तो त्यानं लपवलाही नाही.

तरीही १७९३ पर्यंत सुमारे २००० अपाची अशा आठ वसाहतींत राहायला आले होते. पुढच्या तीनेक दशकांत चोऱ्यामाऱ्या, चकमकी होत राहिल्या, पण सरसकट युद्ध थांबलं. अपाची स्पॅनिश बोलू लागले, गावकऱ्यांशी त्यांची देवघेव वाढली. हानोसजवळ राहणारा अपाची प्रमुख एल कोंपा याचा मुलगा हुआन होसे ठाण्याच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकला. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या शांततेच्या आधारानं वस्ती पसरली. १७७८ मध्ये स्पॅनिश अधिकारी तेओदोरो दे क्रुआनं हानोस, कासास ग्रांदेस, गालेआना, नामिकिपा अशा काही ठिकाणी लष्करी वसाहतींचा हुकूम काढला होता. दर गावाला चारही दिशांना चार-चार कोस, म्हणजे सुमारे १,१२,००० हेक्टर जमीन. त्या बदल्यात वसाहतकऱ्यानं घोडा आणि हत्यार बाळगायचं आणि बोलावणं येताच लढायला निघायचं. शेतकरी आणि शिपाई एकाच घरात, एकाच माणसात होते. दक्षिणेला पार्राल आणि सांता एउलालिया इथे चांदीच्या खाणी होत्या. उत्तरेला सांता रिता देल कोब्रे ही तांब्याची खाण होती, जी आज अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आहे. तिथलं तांबं खेचरांच्या तांड्यांवर लादून शेकडो किलोमीटर दक्षिणेला चिवावा शहरात येई.

इथे खेचराचं महत्त्व नीट समजून घ्यायला हवं. खाणीतला दगड दळायचा तर खेचर, पारा आणि मीठ आणायचं तर खेचर, लाकूड-कोळसा वाहायचा तर खेचर. खाणीत उजेडाला चरबीच्या मेणबत्त्या आणि धातू वर काढायला कातडी पिशव्या लागत. म्हणजे गुरंही हवीत. जनावरं गेली की खाण बंद, खाण बंद की राज्याचा महसूल बंद. अख्खी अर्थव्यवस्था जनावरांच्या पाठीवर उभी होती आणि अपाची धाड घालत ती जनावरांवरच.

१८२४ मध्ये चिवावा हे मेक्सिकोच्या संघराज्यातलं स्वतंत्र राज्य झालं. लाखा-सव्वा लाखाची वस्ती आणि अफाट मुलूख. स्पेनच्या काळात सीमेवरच्या ठाण्यांचा खर्च राजाच्या खजिन्यातून, दक्षिणेच्या समृद्ध खाणींच्या उत्पन्नातून भागत असे. आता तो भार मेक्सिको शहरातल्या केंद्र सरकारवर आला आणि ते सरकार कफल्लक होतं. स्वातंत्र्ययुद्धाच्या दहा-अकरा वर्षांत मोठमोठ्या खाणी पाण्याखाली गेल्या होत्या. लंडनमध्ये काढलेल्या कर्जाचे हप्ते १८२७ मध्येच थकले. त्याच सुमाराला स्पेनमध्ये जन्मलेल्या लोकांना देशाबाहेर घालवण्याचे कायदे झाले आणि त्यांच्याबरोबर व्यापारातलं भांडवलही गेलं. ठाण्यांवरच्या शिपायांचे पगार तुंबले. ज्याला स्वतःच्या पोटाची भ्रांत, तो घोड्याला दाणा कुठून घालणार आणि बंदुकीत दारू कुठून भरणार? अशा वेळी अपाचींचा शिधा कोणालाही डोळ्यांत खुपलाच असता. आधी त्याला कात्री लागली आणि १८३१ मध्ये तो बंद झाला.

कागदावर ही बचत निर्दोष दिसते. आपले शिपाई उपाशी आणि कालच्या शत्रूला मका, असं कोणत्या कायदेमंडळात सांगून निभेल? नव्या राज्यघटनेच्या भाषेत अपाची हेही नागरिकच. मग त्यांनी इतरांसारखी शेती करून खावं, असाही युक्तिवाद तयार होता. पण पलीकडच्या बाजूनं पाहिलं तर चित्र वेगळं होतं. अपाचींनी लढाई सोडली ती शिध्याच्या वचनावर. त्यांच्या लेखी ती भीक नव्हती, दोन बाजूंनी पाळायचा करार होता. एका बाजूनं तो मोडला, दुसरी बाजूही मोकळी झाली. अपाची ठाण्यांवरून निघून पहाडांत गेले आणि धाडी सुरू झाल्या. ऑक्टोबर १८३१ मध्ये लष्करप्रमुख होसे होआकीन काल्वो यानं अपाचींविरुद्ध युद्ध पुकारलं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८३२ मध्ये सांता रिताला तह झाला. त्यात अपाची प्रमुखांना मुलूख वाटून दिले, सगळ्या अटी नोंदल्या, फक्त शिध्याचं कलम नव्हतं. माझ्या अनुभवात तरतूद नसलेली योजना कागदावरच राहते. हा तहही टिकला नाही.

धाडींना आता एक बाजारपेठही मिळाली होती. १८२१ पासून अमेरिकेच्या मिसुरीहून सांता फेपर्यंत आणि तिथून चिवावापर्यंत व्यापाऱ्यांचे गाडे येऊ लागले होते. ते सुती कापड आणि लोखंडी सामान आणत, चांदी आणि खेचरं घेऊन परत जात. यांच्यातल्या काहींना खेचर कुठून आलं याच्याशी कर्तव्य नव्हतं. चिवावातून पळवलेली जनावरं उत्तरेला विकली जात आणि मोबदल्यात अपाचींना चांगल्या बंदुका मिळत. गाल्वेसनं आखलेलं परावलंबन असं संपलं. आडरानातली कुरणं ओस पडली, लोक मोठ्या गावांच्या आसऱ्याला आले.

याच वर्षांत पूर्वेकडून कोमान्चे टोळ्यांच्या स्वाऱ्याही वाढल्या. त्या फार दूरच्या मैदानांतून येत आणि त्यांची कारणं वेगळी होती. चिवावाचं सगळं दुःख एका शिध्यावर घालणं चूक ठरेल. पण पश्चिम सीमेवर जे शेजारी चाळीस वर्षं ओळखीचे होते, त्यांच्याशी वैर या निर्णयानं ओढवून घेतलं.

मग सरकारनं खर्चाचं दुसरं शीर्ष उघडलं. शेजारच्या सोनोरा राज्यानं १८३५ मध्ये अपाची योद्ध्याच्या केसांसकट सोललेल्या टाळूला १०० पेसो इनाम लावलं. २२ एप्रिल १८३७ रोजी सोनोरात राहणारा अमेरिकन व्यापारी जॉन जॉन्सन आपली माणसं घेऊन आनिमास डोंगरात हुआन होसे कोंपाच्या तळावर गेला. हाच तो शाळा शिकलेला हुआन होसे. जॉन्सन त्याच्याशी देवघेव करत राहिला आणि मग अचानक गोळीबार केला. हुआन होसे, त्याचा भाऊ आणि इतर सुमारे वीस जण मारले गेले. अपाचींमध्ये स्पॅनिश लिहू-वाचू शकणारा, बोलणी करू शकणारा माणूस गेला. नेतृत्व मांगास कोलोरादाससारख्या योद्ध्यांकडे गेलं. अपाचींनी सांता रिताची रसद तोडली आणि १८३८ मध्ये ती भरभराटीची खाण आणि तिच्याभोवतीची वस्ती सोडून द्यावी लागली.

१८३९ मध्ये चिवावानं जेम्स कर्कर या आयर्लंडमधून आलेल्या शिकाऱ्याला अपाचींविरुद्ध लढण्याचा एक लाख पेसोंचा ठेका दिला. या कर्करवर पूर्वी अपाचींनाच हत्यारं विकल्याचा आरोप होता. स्पेनच्या १७७२ च्या नियमावलीनुसार ठाण्याच्या शिपायाचा वर्षाचा पगार २९० पेसो होता. त्या दरानं एका लाखात जवळपास ३४५ शिपाई वर्षभर पोसता आले असते. ज्या सरकारकडे शिपायांच्या पगाराला पैसे नव्हते, त्यानं परक्या ठेकेदाराला हा आकडा लिहून दिला.

हिशेबतपासनीस म्हणून मला या व्यवहारातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते ती पावतीची. सरकार पैसे देणार ते टाळू पाहून. पण टाळू कोणाची, हे तपासायचं कसं? काळे केस अपाचीचे, शांतपणे शेती करणाऱ्या ताराउमारा आदिवासीचे आणि मेक्सिकन शेतकऱ्याचेही. लढणाऱ्या योद्ध्याला गाठणं अवघड, तहासाठी आलेल्याला मारणं सोपं आणि भाव तोच. जुलै १८४६ मध्ये गालेआना परिसरात बोलणीसाठी आलेल्या अपाचींना दारू पाजण्यात आली आणि झोपेत त्यांची कत्तल झाली. कर्करच्या माणसांनी आणि गावकऱ्यांनी मिळून १३० हून अधिक माणसं मारली, त्यांत बायकामुलंही होती. त्याच वर्षी चिवावा शहरात आलेल्या जॉर्ज रक्सटन या इंग्रज प्रवाशानं कथीड्रलसमोरच्या कमानींवर टांगलेल्या १७० टाळू पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. यानंतर काही महिन्यांतच कर्करचं चिवावाच्या सरकारशी बिनसलं. तेव्हा मेक्सिको-अमेरिका युद्ध सुरू होतं. कर्कर अमेरिकन सैन्याला वाटाड्या म्हणून जाऊन मिळाला. फेब्रुवारी १८४७ मध्ये साक्रामेंतोच्या लढाईत चिवावाचा पराभव झाला आणि राजधानी पडली.

एवढं होऊनही १८४९ मध्ये चिवावानं नवा कायदा करून योद्ध्याच्या टाळूचा भाव २०० पेसोंवर नेला. जॉन ग्लँटन नावाचा अमेरिकन त्याचा फायदा घ्यायला आला. त्याची टोळी मेक्सिकन लोकांच्याच टाळू आणून पैसे उचलते असं उघड झाल्यावर त्याच सरकारला ग्लँटनच्या डोक्यावर इनाम लावावं लागलं.

दुसरा मार्गच उरला नव्हता, असं कोणी म्हणेल. पण तो मार्ग चिवावानं स्वतःच मधूनमधून चालून पाहिला होता. १८४२ मध्ये चिवावाचा राज्यपाल फ्रान्सिस्को गार्सिआ कोंदे यानं हानोसला तह केला आणि शिधा पुन्हा चालू केला. अपाची परत आले. १८५० मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला, पुन्हा अपाची हानोसपाशी उतरले. मार्च १८५१ मध्ये सोनोराचा लष्करप्रमुख होसे मारिया कार्रास्को चिवावाची परवानगी न घेता हद्द ओलांडून आला आणि शिध्याच्या भरवशावर राहणाऱ्या या लोकांवर तुटून पडला. वीसेक जण मेले, साठेक कैद झाले. पुढे गाजलेला अपाची योद्धा जेरोनिमो याची आई, बायको आणि मुलं ज्या हल्ल्यात मारली गेली तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. सोनोराचं म्हणणं, हे लोक आमच्याकडे धाडी घालून चिवावात आसरा घेतात. ते सर्वस्वी खोटंही नव्हतं. एका राज्यानं शिधा द्यायचा आणि शेजारच्यानं टाळूला इनाम, असं असताना सीमा शांत होणं शक्य नव्हतं. चिवावानं तक्रार केली तेव्हा केंद्रानं आपलीच बाजू उचलून धरली, असं कार्रास्को सांगत असे. जेरोनिमो त्यानंतर १८८६ पर्यंत लढत राहिला.

सीमेवरच्या अशांततेची कारणं रानटी स्वभावात, जुन्या सूडात शोधायची सवय आपल्याला लागली आहे. मला वाटतं, युद्ध पुकारलं गेलं त्याच्या आधीच्या वर्षीचं अंदाजपत्रक उघडून पाहावं आणि त्यातून कोणत्या वचनाची रक्कम वगळली गेली ते शोधावं. चिवावात ती रक्कम मका, मीठ आणि गुळाची होती. मका महाग वाटला म्हणून सरकारनं हात आखडला आणि त्याच खजिन्यातून पुढे माणसांच्या टाळूंची बिलं मंजूर झाली. ज्यांनी कपातीवर सही केली, त्यांना पुढची बिलं भरावी लागली नाहीत. ती भरली पहाडातल्या अपाची बायकामुलांनी आणि नामिकिपा-गालेआनाच्या त्या शेतकऱ्यांनी, ज्यांना जमीन देताना हातात बंदूकही दिली होती.